अर्ध्यातच गुलाबी

परीक्षा सुरू होऊन चाळीसेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात सात नंबरच्या टेबलावरच्या मुलीनं हात वर केला. वाल्मीक थेटे बेसिनपाशी फ्लास्क विसळत होता. ओले हात पँटला पुसत तो तिच्याजवळ गेला.

"मामा, अजून थोडं ऑक्झॅलिक मिळंल का? माझं संपलं."

"संपलं कसं? साठ मिली दिलं होतं. तीन रीडिंगला तीस लागतं."

मुलीनं खाली बघितलं. योगिनी भोये तिचं नाव. हरसूलकडची, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, मुलींच्या होस्टेलला राहणारी. वर्षभरात ती मोठ्यानं बोललेली वाल्मीकनं ऐकली नव्हती. आताही ती पुटपुटलीच.

"सहा वेळा केलं मामा. माझं अर्ध्यातच गुलाबी होतंय."

प्रयोग तसा सोपा होता. खाली फ्लास्कमध्ये दहा मिली ऑक्झॅलिक ॲसिड आणि त्यात रंगासाठी फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या उभ्या नळीत, कॉस्टिक सोडा. तोटी हळूहळू सोडायची आणि फ्लास्क हलवत राहायचा. ॲसिड शिल्लक आहे तोवर पाण्याला रंग येत नाही. कॉस्टिकनं ते सगळं खाऊन टाकलं, की पुढच्या एका थेंबाला फिकट गुलाबी रंग चढतो आणि टिकतो. तिथं थांबायचं, ब्युरेटवरचा आकडा वाचायचा आणि त्यावरून कॉस्टिकची ताकद काढायची. वर्षभर सरावाला हा आकडा वीसच्या आसपास यायचा. योगिनीच्या वहीत दहा, दहा पॉइंट एक, दहा, परत दहा असे आकडे होते.

"नीट हलवत नसशील," वाल्मीक म्हणाला. "परत कर. सावकाश."

त्यानं तिला बाटलीतून आणखी ऑक्झॅलिक ओतून दिलं. पण बाटली जागेवर ठेवताना त्यानं पुन्हा तिच्या वहीतले आकडे बघितले. हलवण्यानं एखादा मिली इकडेतिकडे होतो. नेमकं निम्मं होत नाही.

वाल्मीक या लॅबमध्ये बावीस वर्षं अटेंडंट होता. मखमलाबादला भावांबरोबर थोडी जमीन होती. तिच्यात भाजी आणि झेंडू व्हायचा. बायको मेथीच्या जुड्या घेऊन बाजाराला जायची. बारावीला केमिस्ट्रीतच गचकलेला हा माणूस नोकरीला लागला तोही केमिस्ट्रीच्याच लॅबमध्ये. आधीचे अटेंडंट रावजी निवृत्त होताना त्याला एक वही देऊन गेले होते. कोणत्या द्रावणाला लिटरमागे किती ग्रॅम, एवढंच त्या वहीत होतं. त्यामागचं गणित वाल्मीकला कधी कळलं नाही, आणि कळायची गरजही पडली नाही. वजन काट्यावर बरोबर आलं की द्रावण बरोबर यायचं. त्याच्या हातचं द्रावण चुकलंय असं बावीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. गेल्याच महिन्यात त्याचं नाव लॅब असिस्टंटच्या जागेसाठी वर गेलं होतं.

परवा दुपारी केमिस्ट्रीच्या दीपमाला आहेर मॅडम रजेवर होत्या, परीक्षा त्यांच्याकडेच होती. त्यांच्या सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं होतं. परीक्षेच्या द्रावणांची चिठ्ठी त्यांनी फोनवर फोटो काढून पाठवली. ऑक्झॅलिकपुढं शून्य पॉइंट एक आणि एक इंग्रजी अक्षर. घाईत लिहिलेलं. त्या अक्षराला एक पाय जास्त असल्यासारखा वाटला होता खरा. पण बावीस वर्षं तिथं 'एन'च असायचा, सरावालाही शून्य पॉइंट दोन एनच, म्हणून तो एनच धरला आणि वहीतलं शून्य पॉइंट एक एनचं वजन घेतलं. लिटरला सहा पॉइंट तीन ग्रॅम.

आता बेसिनपाशी उभ्या उभ्या त्याला तो जास्तीचा पाय सारखा दिसायला लागला.

त्यानं टेबलांवरून नजर फिरवली. अठरा मुलं होती. ललित नावाचा एक हुशार म्हणून नावाजलेला मुलगा तीन नंबरला होता. त्याच्या फ्लास्कला रंग आला तसा तो थबकला. ब्युरेटकडे बघितलं, शेजारच्याकडे बघितलं. मग पेन घेऊन भराभर काहीतरी लिहिलं आणि फ्लास्क बेसिनमध्ये ओतून दिला. त्याच्या मागची मुलगीही तसंच करत होती. रीडिंग बसवणं वाल्मीकला नवं नव्हतं. आधी उत्तर ठरवायचं आणि मग आकडे त्याच्या मापाचे लिहायचे. एरवी एखाददुसरा करायचा. आज त्याला तोटी सोडून बसलेलं टेबलच दिसेना, सगळे लिहीत होते.

फक्त सात नंबरवर थेंब पडत होते.

खिडकीपाशी बाहेरून आलेले परीक्षक खैरनार सर तोंडी घेत बसले होते. ते सटाण्याकडच्या एका कॉलेजातले. कमी बोलायचे आणि चष्म्यावरून बघायचे. योगिनीची पाळी शेवटची आली. वाल्मीक मुद्दामच जवळच्या कपाटातल्या बाटल्या सारख्या करत राहिला.

"दहा?" सर म्हणाले. "आणि कॉस्टिक लिटरला आठ ग्रॅम? किती यायला पाहिजे होतं?"

"सरावाला वीस यायचं, सर. चार ग्रॅम."

"मग?"

"आज दहाच आलं."

"सगळ्या बॅचला वीस आलंय. तुला एकटीला दहा. ब्युरेट वाचता येत नाही का अजून?"

 सरांनी तिच्या आकड्यांभोवती लाल गोल काढला आणि पेपर गठ्ठ्यात सरकवला. ती बाहेर जाताना वाल्मीकच्या अंगावरून गेली. तिचे डोळे भरले होते. 

दुसरी बॅच दोन वाजता होती. मधल्या सुट्टीत सगळे डबे खायला गेले, तसं वाल्मीकनं तयारीच्या खोलीचं दार लोटून घेतलं. एक ब्युरेट भरली, सकाळच्या बाटलीतलं दहा मिली फ्लास्कमध्ये घेतलं आणि तोटी सोडली. पाच, सात, नऊ. "येऊ नको," तो रंगाला म्हणत होता, "येऊ नको अजून." दहाला फ्लास्क गुलाबी झाला.

तो स्टुलावर बसला. कॉस्टिक त्यानं स्वतः तोललं होतं, लिटरला चार ग्रॅम. त्यात काही घोळ नव्हता. म्हणजे ऑक्झॅलिकच. तो जास्तीचा पाय एमचा होता. पण एन आणि एममध्ये असा फरक तरी काय असतो? विचारायचं कुणाला? मॅडमना विचारलं की त्या म्हणणार, का विचारताय?

डबा न उघडताच तो बाहेर आला. मागच्या जिन्यावर योगिनी बसली होती. मांडीवर वही आणि वहीभर आकडेमोड.

"जेवली नाय का?"

"भूक नाय मामा." तिनं नाक पुसलं. "हिशोब बघत होते. माझा हिशोब बरोबर हाय. रीडिंग दहा धरलं तर कॉस्टिक आठच येतं. एक तर कॉस्टिक दुप्पट हाय, नाहीतर ऑक्झॅलिक निम्मं. नुसत्या रीडिंगवरून त्यातलं कोणतं ते कळत नाय."

वाल्मीक तिच्या खालच्या पायरीवर टेकला. "मला एक सांग. एन म्हंजी काय, आन एम म्हंजी काय? मी नुसता वजनं करतो. मला त्यातलं कळत नाय."

तिला नवल वाटलं, पण ती हसली नाही. वहीचं कोरं पान काढलं.

"ऑक्झॅलिकचा एक रेणू दोन हायड्रोजन सोडतो. कॉस्टिकचा एक रेणू त्यातला एकच घेतो. म्हणून एका ऑक्झॅलिकला दोन कॉस्टिक लागतात, तेव्हा कुठं उदासीन होतं. बाटलीवर एम असलं की हे दोन आपण हिशोबात धरायचे. एन असलं की ते आधीच धरलेले असतात, ऑक्झॅलिकचं वजन दोननं भागून घेतात."

"वजन म्हंजी किती?"

"एकशे सव्वीस. एमला अख्खं एकशे सव्वीस, एनला त्रेसष्ट. आपल्याला शून्य पॉइंट एक एम पाहिजे होतं, म्हणजे लिटरला बारा पॉइंट सहा ग्रॅम. एन असतं तर सहा पॉइंट तीन."

तिनं ते अगदी सहज म्हटलं. वाल्मीकच्या कानशिलात ठण् झालं. सहा पॉइंट तीन. त्याचाच आकडा त्या मुलीच्या तोंडून आला होता.

"मामा," ती एकदम त्याच्याकडे बघत म्हणाली, "द्रावण तुमीच केलं ना? किती घेतलं होतं?"

"बघून सांगतो," तो म्हणाला आणि उठला. मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

खोलीत येऊन त्यानं आधी दुपारचं काम उरकलं. दोन लिटरला पंचवीस पॉइंट दोन. काट्यावर भुकटी टाकताना हात इतका कापत होता की आकडा ठरेना. कधी पंचवीस पॉइंट सहा, कधी चोवीस पॉइंट नऊ. शेवटी त्यानं श्वास रोखून चिमटीनं दाणे काढले. द्रावण झालं, ढवळलं. आता दुपारच्या बॅचला वीस येणार होतं.

आणि मग त्याच्या डोक्यात आलं की हे तर आपोआपच मिटलंय. दुपारच्यांना वीस येईल. सकाळच्यांनी वीसच लिहिलंय. एका मुलीला दहा आलंय आणि ती चुकली असं परीक्षकांनीच ठरवलंय. सकाळची बाटली बेसिनमध्ये ओतली की संपलं. कुणी विचारणार नाही. मॅडमवर येणार नाही, आपल्यावर येणार नाही. असिस्टंटच्या जागेचा कागद अडणार नाही.

त्यानं बाटली उचलली. तळाला पाव लिटर उरलं असेल. झाकण काढलं, बाटली बेसिनवर तिरकी केली. पाणी गळ्यापर्यंत आलं आणि तिथंच हललं.  एक वाजून पन्नास मिनिटं. बाहेर दुसऱ्या बॅचची पोरं जमल्याचा आवाज येत होता. मागच्या जिन्यावर ती मुलगी त्याची वाट बघत बसली असणार. बघून सांगतो म्हणाला होता ना तो!

त्यानं बाटली सरळ केली, झाकण लावलं आणि ती हातात घेऊनच स्टाफरूमकडे गेला.

आहेर मॅडम आणि खैरनार सर डबे आवरत होते. वाल्मीकनं दारातूनच मॅडमना खुणेनं बोलावलं. त्या बाहेर आल्या.

"मॅडम, सकाळचं ऑक्झॅलिक चुकलंय. माझ्याकडून. मी सहा पॉइंट तीन घेतलं."

मॅडमनी लगेच फोन काढून चिठ्ठीचा फोटो बघितला, बोटांनी मोठा केला. "एम लिहिलंय मी."

"हो. मी एन वाचलं."

"असं कसं वाचलंत? अहो, आणि चुकलं असतं तर रीडिंग सगळ्यांची वीस कशी..." त्या मध्येच थांबल्या. वाल्मीक खाली बघत राहिला. मुलांनी आकडे बसवलेत हे त्याला सकाळीच दिसलं होतं, ते आता त्यांनाही कळलं.

"एकीची दहा आलीत," तो म्हणाला.

मॅडमचा चेहरा उतरला. परीक्षेआधी द्रावण एकदा तपासून बघणं हे त्यांचं काम होतं. सकाळी त्या दवाखान्यातून थेट आल्या होत्या, ते राहिलं होतं. त्यांनी मागं वळून स्टाफरूमकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"दुपारचं नवीन केलंत ना? मग ठीक आहे. त्या मुलीचं मी बघते. आमच्या हातातले मार्क असतात, त्यात तिला सांभाळून घेईन. वाल्मीकभाऊ, हे बाहेर पडलं तर बाहेरचे परीक्षक रिपोर्ट लिहितील. तुमचं नाव आत्ताच वर गेलंय."

वाल्मीकला क्षणभर अगदी हलकं वाटलं. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "ती जिन्यावर हिशोब करत बसलीय. जेवली नाही. तिचा हिशोब बरोबर आहे. मार्क दिले तरी तिला वाटणार की ती चुकली आणि बाकीचे बरोबर होते. मला तिनं विचारलं, किती ग्रॅम घेतलं. मी काय सांगू?"

 मॅडम हातातल्या डब्याचं झाकण उगाच लावत होत्या, काढत होत्या.

"चला," त्या शेवटी म्हणाल्या. "मीच सांगते सरांना."

खैरनार सरांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. ते जास्त भीती वाटण्यासारखं होतं. लॅबमध्ये आले, कोट चढवला, वाल्मीकच्या हातातली बाटली घेतली आणि स्वतः उभं राहून तीनदा प्रयोग केला. दहा. दहा पॉइंट एक. दहा. मग हात धुऊन सकाळचे पेपर मागितले आणि एकेक पान उलटत मोठ्यानं वाचायला लागले.

"एकोणीस पॉइंट नऊ. वीस. वीस. वीस पॉइंट एक. एकोणीस पॉइंट आठ." सतरा पेपर झाले. "या बाटलीतून यांना वीस दिसलं कुठून, बाई?"

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. दारात दुपारची पोरं ताटकळली होती.

"त्या मुलीला बोलवा," सर म्हणाले.

वाल्मीक जिन्यावर गेला. योगिनी तिथंच होती. त्याला वाटलं होतं, सांगताना शब्द सापडणार नाहीत. पण पायऱ्या उतरता उतरताच तो बोलून गेला. "सहा पॉइंट तीन घेतलं होतं. चूक माझी होती. मघाशी मी घाबरलो, म्हणून सांगितलं नाय." तिनं वही बंद केली.  एकदा जोरात श्वास सोडला, बराच वेळ पाण्याखाली राहिल्यासारखा.

लॅबमध्ये सरांनी तिचा पेपर पुढं ओढला.

"भोये, मी मघाशी तुला काय म्हणालो?"

"ब्युरेट वाचता येत नाही, म्हणालात सर."

"येते." त्यांनी लाल गोलावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. "जा, जेवून घे. तुला परत करायची गरज नाही. बाकीच्या सतरा जणांची पाच वाजता पुन्हा परीक्षा. नवीन द्रावणावर, आणि प्रत्येक रीडिंग मी समोर उभा राहून बघणार."

दुपारची बॅच बसली. पहिल्या मुलानं तोटी सोडली, तसा वाल्मीक त्याच्यामागं जाऊन उभा राहिला. पुन्हा काही चुकलं असेल तर? कापऱ्या हातानं तोललेलं द्रावण होतं ते. दहा गेले, रंग नाही. पंधरा गेले. अठराला फ्लास्कमध्ये एक गुलाबी ढग आला आणि हलवल्यावर विरून गेला. वाल्मीकनं टेबलाची कड घट्ट धरली होती. एकोणीस पॉइंट नऊला रंग आला आणि राहिला. तो मुलगा दचकून म्हणाला, "मामा, काय झालं? बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," वाल्मीक म्हणाला आणि कपाटाकडे तोंड करून उभा राहिला.

पाच वाजता सकाळची सतरा मुलं आली. कुणाची गाडी चुकली होती, कुणाचा क्लास बुडाला होता. आपले पेपर वाचले गेलेत हे त्यांच्या कानावर आलं होतं, त्यामुळे राग आणि लाज यांची नुसती सरमिसळ झाली होती. ललित ब्युरेट घ्यायला आला तेव्हा न राहवून म्हणाला, "मामा, चूक तुमची आणि परत परीक्षा आम्ही द्यायची?"

वाल्मीकच्या जिभेवर आलं होतं की वीस मी नव्हतं लिहिलं, बाबा. पण तो मुलगा पांढराफटक पडला होता. त्याचे हात थरथरत होते, आणि तसे हात वाल्मीकनं आजच दुपारी काट्यावर बघितले होते.

"चूक माझीच आहे," तो म्हणाला. "तू घाई करू नको. थेंब थेंब सोड. जो आकडा येईल तो लिही."

सगळ्यांचे आकडे आले, काही चांगले, काही ओढूनताणून. दोघेजण नापास झाले. सरांनी रिपोर्ट लिहिलाच. आठवड्यानं वाल्मीकला मेमो मिळाला. मॅडमनाही मिळाला. लॅब असिस्टंटच्या जागेचा कागद वर्षभरासाठी थांबला. मेमोचं उत्तर लिहून देतो असं ऑफिसातला भिकन म्हणत होता, म्हणजे त्यात अक्षर नीट नव्हतं, फोटो अंधूक होता असं घालता आलं असतं. वाल्मीकनं ते स्वतःच चार ओळींत लिहिलं. अक्षराचा संशय आला होता आणि मी विचारलं नाही, एवढंच.

आहेर मॅडम पंधरा दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या. मग एका सकाळी त्यांनीच विचारलं, "सासूबाईंना घरी आणलंय, कोवळी मेथी मिळेल का तुमच्याकडची?" दुसऱ्या दिवशी त्यानं चार जुड्या आणून दिल्या.

घरी बायकोनं सगळं ऐकून एवढंच विचारलं होतं, "नोकरी तर राहिली ना?"

"राहिली."

"आन ती पोरगी?"

"पास झाली. तिनं काय, तिनं बरोबरच लिहिलं होतं."

बायकोनं मेथीचा ढीग त्याच्यापुढं सरकवला. तो जुड्या बांधायला बसला. पहिल्या दोन सैल झाल्या, त्या तिनं सोडून परत बांधल्या. तिसरी त्यानं नीट बांधली.